तळ्यावरही न उतरलेला आकडा

शाळेच्या मुख्याध्यापिकेचा पहिला फोन सव्वाआठला आला, दुसरा साडेआठला. तिसरा आला तेव्हा सर्वेक्षणाचे नकाशे काढणारी ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेली, कारण बसून तो घेणं तिला जमेना.

“मैदानाभोवती दोरी बांधलीय. मुलं दोरीपाशी उभी राहून आत असं बघतायत, जसा काही तिथे वाघ बसलाय. काय सांगू मी त्यांना?”

“दुपारपर्यंत कळवते, बाई. नकाशा कच्चा आहे, हे मी कालच...”

“कच्चं-पक्कं मला कळत नाही हो. लाल आहे ना? लाल म्हणजे वाईट, एवढं पहिलीच्या पोरालाही कळतं. दुपारपर्यंत पालकांच्या तोंडाला कुलूप लावू का?”

फोन बंद झाला. खिडकीतून खाली धावपट्टी दिसत होती आणि हँगरच्या दारात उभं असलेलं ते छोटं, दोन इंजिनांचं विमान. त्याच्या पोटाला इंधनाची नळी लावलेली होती. अकराला पुन्हा उड्डाण होतं. घड्याळात नऊ वाजायला दहा मिनिटं होती.

तिचं काम एरवी शांततेचं होतं. टेकडीपलीकडच्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात बारा वर्षांपूर्वी भंगाराबरोबर कुठल्याशा जुन्या यंत्रातली किरणोत्सारी सीझियमची कुपी भट्टीत गेली होती. धूर वाऱ्याने नेला तिकडे गेला. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, आणि धुरातलं सीझियम कुठे कुठे मातीत बसलं हे कुणी नीट शोधलंच नाही. ते आता शोधायचं होतं. विमान जमिनीपासून शंभर मीटरवरून, शेत नांगरावं तसं एकाला लागून एक अशा ओळी ओढत जायचं. त्याच्या पोटात दोन पेट्या होत्या, एक पुढे आणि एक मागे, आणि प्रत्येक पेटीत गॅमा किरण पकडणारे मोठे स्फटिक. प्रत्येक मातीत, प्रत्येक दगडात थोडं पोटॅशियम, थोडं थोरियम, थोडं युरेनियम असतंच. जमीन स्वतःच मंद बोलत असते. त्या प्रत्येकाचा सूर निराळा, आणि स्फटिकांना तो ओळखता येतो. जमिनीचं स्वतःचं बोलणं वजा करायचं आणि माणसाने त्यात काय मिसळलं ते उरवायचं, एवढंच तिचं काम. ऑफिसात तिला सगळे ‘नकाशाताई’ म्हणत.

विमानात दोनच माणसं असत. मागे यंत्रांपाशी मास्तर; पूर्वी ते शाळेत विज्ञान शिकवत असत आणि अजूनही दुसऱ्याची वही हातात आली की त्यांचं लाल पेन आपोआप बाहेर येई. पुढे कप्तान. सगळ्यांचा कप्तान तो तिचा सख्खा थोरला भाऊ, तिचा दादा.

काल, मंगळवारी, विमान शाळेच्या वस्तीवरून दोनदा उडालं होतं, सकाळी आणि दुपारी. दोन्ही वेळा आकडे चढलेले होते. त्याआधी रविवार-सोमवार दाट धुकं होतं, हवा हलत नव्हती, उड्डाणं बंद होती. “कोंडलेला रेडॉन असणार,” कप्तानाने वरूनच सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं, कारण जमिनीतून झिरपणारा तो किरणोत्सारी वायू धुक्याच्या दिवसांत खरंच साचून राहतो. तिने रेडॉनचा हिशेब वजा केला. तरी सगळ्या किरणांच्या बेरजेच्या नकाशात लाल उरलाच. शाळा लाल, मैदान लाल, पाण्याची टाकी लाल. प्रकल्पाचे साहेब तिच्या खांद्यामागे उभे राहून पडद्यात वाकले होते. “कच्चाच दे. आरोग्य खात्याला आज काहीतरी दाखवायलाच हवं.” तिने दिला. कोपऱ्यात ‘कच्चा’ असं लिहून दिला, पण कोपरे कोण वाचतं?

आता तिला खुपत होतं ते वेगळंच. प्रत्येक उड्डाणाच्या शेवटी विमान तळ्यावरून एक मिनिट सरळ जातं. पाणी खालच्या मातीचे किरण अडवतं, म्हणून तिथे सगळे आकडे धडाधड खाली यायला हवेत. नकाशा हातचा सोडण्याआधी ते मिनिट बघायचं हा तिनेच घातलेला नियम. काल साहेबांच्या घाईत तिने तो सकाळवर ढकलला होता.

तिने ते मिनिट उघडलं. पोटॅशियम खाली गेलं. थोरियम गेलं. सीझियमच्या जागी तर काही नव्हतंच. पण आलेखात डावीकडे, अगदी हलक्या किरणांच्या टोकाला, एक सुळका खिळ्यासारखा ताठ उभा होता. वस्तीवर जेवढा, तेवढाच तळ्यावर. तिने टेकडी बघितली, तिथेही होता. उड्डाणाआधी विमान धावपट्टीवर सरकत होतं ती मिनिटं बघितली, तिथेही होता.

म्हणजे तो जमिनीत नव्हता, पाण्यात नव्हता, हवेतही नव्हता. तो विमानात बसून फिरत होता. ज्या दिवशी ज्या घरावरून विमान गेलं, ते घर लाल झालं.

तिला आधी हायसं वाटलं, इतकं की ती एकटीच हसली. मैदान स्वच्छ होतं. मग ते हसू ओठांवरच अडखळलं. मैदान स्वच्छ आहे हे सांगायचं, तर मग काय अस्वच्छ होतं तेही सांगावं लागणार. काल लाल, आज पांढरा, आणि मधे कारण नाही? दोरी सोडतील, पण त्या मैदानावर पुन्हा कुणी आपलं मूल पाठवणार नाही. ‘वरून दाब आला’ म्हणतील, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्कही असेल.

ती जिना उतरून हँगरमध्ये गेली. मास्तर पंखाच्या सावलीत स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होते.

“मास्तर, कालची वही.”

“आधी ‘सुप्रभात’ म्हणायची पद्धत होती आमच्या काळी.” त्यांनी वही पुढे केली आणि तिचा चेहरा बघून पेन्सिल खिशात टाकली. “काय चुकलं?”

“सकाळची चाचणी घेतलीत?”

“ताई, माझं लग्न एक वेळ विसरेन, चाचणी नाही विसरायचो. सात वाजता, विमान रिकामं, थोरियमची डबी पेटीखाली ठेवून. संध्याकाळी पुन्हा. दोन्ही वेळा आकडा जिथल्या तिथे. बघा.”

तिने बघितलं. आकडे खरोखर जिथल्या तिथे होते. खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: ‘उड्डाणापासूनच आकडे चढे. कप्तानांच्या मते रेडॉन.’

चाचणीच्या वेळी विमानात कुणी बसायचं नाही, हा नियम होता. माणसाच्या शरीरामुळेही आकडा थोडा इकडेतिकडे होतो म्हणून. रिकामं विमान सकाळी ठीक. रिकामं विमान संध्याकाळी ठीक. मधे, माणसं बसल्यावर, तो खिळा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. ती वही घेऊन वर आली, काय शोधायचं ते ठाऊक असूनही ते शोधायला हात धजेना. शेवटी तिने सकाळच्या आणि दुपारच्या उड्डाणांतले सुळके एकाशेजारी एक मांडले. दुपारचा सकाळच्या बरोबर निम्मा. मधलं अंतर सहा तासांचं. सहा तासांत निम्मं होणारा, एवढे हलके किरण टाकणारा पदार्थ कुठल्याही कारखान्याच्या धुरात नसतो. तो दवाखान्यात असतो. टेक्नेशियम, शिरेतून टोचतात आणि हृदय किंवा हाडं कशी आहेत ते यंत्राखाली बघतात.

मग तिने दोन पेट्या वेगळ्या केल्या. मागच्या पेटीत सुळका बुटका. पुढच्या पेटीत त्याच्या कितीतरी पट उंच.

पुढे एकच खुर्ची होती.

तिने फोन उचलला आणि वहिनीला लावला. उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायला तिला कधी जमलं नव्हतं, आजही जमलं नाही.

“वहिनी, शनिवारी दादा कुठे होता?”

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. “मित्राकडे गेलो म्हणाला. का गं?”

“आल्यावर कसा होता?”

“विचित्रच. नातीला जवळ घेईना. ती ‘आजोबा, आजोबा’ करत पायाशी लोळतेय आणि हा आपला सोफ्याच्या टोकाला. म्हणे सर्दी झालीय, तिला लागेल. शिंक एक नाही की खोकला नाही! रात्री बाहेरच्या खोलीत झोपला.” वहिनी थांबली. “तू का विचारतेयस? काय केलंय त्याने?”

“काही नाही. संध्याकाळी येते.”

“तुम्ही दोघं भावंडं ‘काही नाही’ म्हणता ना, तेव्हाच काहीतरी असतं.”

फोन ठेवून तिने घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच. त्याच्या शरीरातला तो अंश दर सहा तासांनी निम्मा होत चालला होता. आजच्या उड्डाणात स्फटिकांना तो जेमतेम दिसला असता, उद्या दिसलाच नसता. तिने नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर सगळा पुरावा आपोआप विरून गेला असता.

ती पुन्हा खाली आली तेव्हा दादा विमानाच्या चाकाशी वाकून हवा तपासत होता. उठताना त्याने एक हात पंखावर टेकला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. एरवी तिच्या हे लक्षातही आलं नसतं.

“काय छोटे, तोंड का असं? साहेबांनी सकाळी सकाळी खाल्लं वाटतं.”

“दादा, शनिवारी कुठे होतास?”

“मित्राकडे.”

“तुझ्या मित्राकडे टेक्नेशियम असतं?”

त्याने फडकं काढून हात पुसले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. “दोन दिवस थांबा म्हणाले होते दवाखान्यात. मी तीन थांबलो. धुकं होतं म्हणून का होईना, थांबलो ना?”

“माणसांना दोन दिवस पुरतात. तुझ्या खुर्चीजवळच्या पेटीला तीनही कमी पडतात. हे तुला माहीत नव्हतं?”

“एवढं जाणवेल असं वाटलं नाही गं.” मग त्याला हसू आलं, ते नेहमीचं, गालाला खळी पाडणारं. “म्हणजे मी चमकत होतो काल?”

“वस्तीभर. तू शाळेवरून गेलास आणि शाळा लाल झाली. मैदानाला दोरी बांधलीय.”

खळी गेली.

“छातीत काय होतं?” तिने विचारलं.

“जिना चढताना. कधी कधी. दगड ठेवल्यासारखं.”

“आणि वर असताना?”

“एकदा.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात. तळ्यावर वळताना. मिनिटभरच. विमान सरळ होतं, काही झालं नाही.”

“मास्तर मागे होते.”

“हो, होते.” तो चिडला, आणि चिडला की त्याचा आवाज मोठा न होता बारीक होई. “शुक्रवारी रिपोर्ट मिळणार आहे. काही निघालं तर मी स्वतः सांगेन. पण त्याआधी तू लिहून टाकलंस तर परवाना गेलाच म्हणून समज, रिपोर्ट काहीही येवो. बावन्नाव्या वर्षी एकदा खाली उतरवलेल्याला पुन्हा वर कोण सोडतं? मला दुसरं काय येतं, सांग. मी आयुष्यभर एवढं एकच केलंय.”

“मग मी काय लिहू?”

“यंत्र बिघडलं, लिही. यंत्रं बिघडतात.”

“यंत्र बिघडलं म्हणजे मास्तरांची वही खोटी. सात वाजता आकडा जिथल्या तिथे होता.”

“मास्तर समजून घेतील.”

“मास्तर इथेच आहेत,” विमानाच्या पलीकडून आवाज आला. मास्तर शेपटीला वळसा घालून आले, हातात तीच पेन्सिल. त्यांनी कप्तानाकडे बघितलं नाही. “वही खोटी म्हणवून घेणार नाही, तेवढं सोडून बोला. पण दुसरं एक सुचतंय. मीच होतो, असं लिहा ना. हाडांची तपासणी केली म्हणावं, गुडघ्यासाठी. गुडघा दुखतोच माझा, ते काही खोटं नाही. मला परवाना लागत नाही, माझं कुणी काय वाकडं करणार? फार तर साहेब ओरडतील. ते तसेही ओरडतात.”

कप्तानाच्या खांद्यांमधलं काहीतरी सैल झालं, आणि ते तिला दिसलं.

किती सोपं होतं! शाळेला खरं कारण मिळालं असतं: विमानातल्या एका माणसाने तपासणी करून घेतली होती, जमीन निर्मळ आहे. दोरी सुटली असती. दादा उडत राहिला असता. तिला फक्त दोन पेट्यांच्या रकान्यांची नावं बदलायची होती, पुढची ती मागची आणि मागची ती पुढची. जेमतेम एका मिनिटाचं काम, आणि तपासणारी तिच्यावर दुसरी कुणी नव्हती. तिने ते मिनिट मनात करूनही पाहिलं. आणि त्यापुढची मिनिटंही पाहिली: आज अकराला, उद्या सकाळी, परवा सकाळी, पडद्यासमोर बसून इंजिनाचा आवाज परत येतोय का हे ऐकत राहायचं.

“मास्तर,” ती म्हणाली, “आज अकराला तुम्ही ह्याच्या मागे बसणार?”

“बसायचंच की.”

“तसं नाही. आता जे ऐकलंत ते ऐकून बसणार?”

मास्तर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले. काचा स्वच्छच होत्या. “बसलो असतो. घरी माझ्या मुलीला सांगितलं नसतं, एवढंच,” ते हळूच म्हणाले.

कप्तानाने आता पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

“अकराचं उड्डाण रद्द,” ती म्हणाली. आकडे भरवशाचे नसतील तर उड्डाण थांबवायचा अधिकार तिच्या हुद्द्याला होता; चार वर्षांत तिने तो फक्त वाऱ्यापावसासाठी वापरला होता.

“तू मला खाली उतरवतेयस, छोटे? तू?”

“मी.”

“तुला पहिल्यांदा विमानात बसवलं मी. माझ्या नव्याकोऱ्या शर्टावर ओकली होतीस. कुणाला बोललो नाही.”

“सगळ्यांना सांगितलंस. माझ्या लग्नातसुद्धा सांगितलंस.”

मास्तरांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. कप्तान हसला नाही. त्याने फडकं चाकाजवळ टाकलं आणि धावपट्टीच्या कडेकडेने चालत दूर निघून गेला, खिशात हात, मान खाली. त्याला हाक मारावी की मारू नये हे न कळून ती तिथेच उभी राहिली. मग मास्तर म्हणाले, “तुम्ही वर जा, लिहा. मी नजर ठेवतो,” तेव्हा तिचे पाय हलले.

लिहायला चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीला तिने लिहिलं, ‘विमानातील एका व्यक्तीच्या वैद्यकीय तपासणीमुळे’. मग ‘एका व्यक्तीच्या’ खोडून पुन्हा तेच लिहिलं. मग दोन पेट्यांचे आकडे जसेच्या तसे जोडले, तळ्यावरचं मिनिट जोडलं, मास्तरांच्या वहीचं पान जोडलं. शेवटी, कालचा नकाशा तळ्यावरचं मिनिट न तपासता दिला ही चूक माझी, असं स्वतःच्या नावापुढे लिहिलं, आणि ते वाक्य लिहिताना तिला सबंध सकाळीत पहिल्यांदा श्वास पुरता आत गेल्यासारखं वाटलं.

साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं. दुसऱ्या पानावर ते बसले.

“पुढची पेटी,” ते म्हणाले.

“हो.”

“पुढे एकच जागा आहे.”

“हो.”

“तुझा भाऊ आहे तो, बाई.”

“मला माहीत आहे, साहेब.”

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं ते ओरडतील. निदान नकाशावरून तरी ओरडतील, तेवढा त्यांचा हक्क होता. पण ते कागदाची कड सारखी करत राहिले. “काल घाई मी केली,” एवढंच म्हणाले, आणि आरोग्य खात्याचा नंबर फिरवू लागले.

ती खाली आली तेव्हा तो तिच्या गाडीला टेकून उभा होता. विमानाची कागदपत्रं भरलेली त्याची पिशवी पायाशी होती. मास्तर हँगरच्या दारात स्टुलावर बसून काहीच न बघितल्यासारखे वही चाळत होते.

“किल्ली दे,” तो म्हणाला.

“तू चालवणार नाहीस.”

“गाडीसुद्धा नाही?”

“आज नाही. बस पलीकडे.”

तो बसला. पट्टा लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. त्या बाजूने पट्टा लावायची त्याला सवयच नव्हती. ती गाडी सुरू करणार तोच फोन वाजला. मुख्याध्यापिका. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

“आरोग्य खात्याचा माणूस दोरी सोडतोय,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं, थांब. मला आधी कारण कळू दे, मगच सोड. कारणाशिवाय मी एकही मूल आत सोडणार नाही.”

तिने कारण सांगितलं. साध्या शब्दांत, काही न गाळता. फक्त नाव तेवढं घेतलं नाही. शेजारी तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

पलीकडे मागून मुलांचा गलका ऐकू येत होता.

“म्हणजे आमचं मैदान नाही. माणूस होता.”

“माणूस होता.”

“हे सांगता येईल मला पालकांना. हे पटेल.” मग बाईंचा आवाज बदलला. “आणि बरा आहे ना हो तो?”

सकाळपासून हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, तिनेही नाही. तिने भावाकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला आणि फोन ऐकेल इतक्या मोठ्याने म्हणाला, “शुक्रवारी कळेल, म्हणावं त्यांना.”

“आज कळेल,” ती म्हणाली. “आत्ता तिकडेच चाललोय. रिपोर्ट शुक्रवारी असला तरी डॉक्टर आज आहेत.”

“मी अपॉइंटमेंट घेतलेली नाही,” तो म्हणाला.

“दारात बसू. तुला बसायला शिकायचंच आहे.”

फोनमधून बाई हसल्या की काय ते नीट कळलं नाही. तिने गाडी फाटकाबाहेर काढली. रस्ता मोकळा होता आणि ती नेहमीपेक्षा जोरात चालवत होती. पहिल्याच वळणावर त्याने पट्टा चाचपला. दुसऱ्यावर त्याने दाराची कडी धरली. आणि तिसऱ्या वळणावर तिला दिसलं, की त्याचा उजवा पाय जोर लावून पायाखालची चटई दाबतोय, तिथे ब्रेक नसताना.